ट्रायव्हॅलंट बाथ, टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) बादली आणि विहिरीतलं क्रोमियम-6: मराठवाड्यातल्या एका गावाचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेलं एक गाव. पिण्याच्या पाण्याची विहीर नाल्याच्या काठी, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला साधारण अर्ध्या किलोमीटरवर झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. गाव आणि युनिट कोणतंही एक नाही, आणि विहिरीची मापं, कामाचे आकडे व नमुन्यांचे निकाल हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. रसायनशास्त्र, मर्यादा आणि तपासणीच्या पद्धती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

या प्रकरणातला पेच एका ओळीत असा: विहिरीत क्रोमियम-6 सापडलं, आणि युनिटवाला म्हणतो, "आमच्याकडे क्रोम-6 नाहीच, सगळं ट्रायव्हॅलंट," म्हणजे क्रोमियम-3. तो खोटं बोलत नाही. विहिरीचा अहवालही चुकीचा नाही.

आधी धातूची दोन रूपं

क्रोमियम-3 आणि क्रोमियम-6 हा एकच धातू आहे, पण शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 साली क्रोमियम-6 ची संयुगं गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली; क्रोमियम-3 गट 3 मध्ये, म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असं, राहिलं. कारण पेशीच्या दारातच दिसतं. क्रोमेटचा आयन घडणीने सल्फेटसारखा असतो, त्यामुळे सल्फेट-फॉस्फेटच्या वाटेने तो पेशीत सहज शिरतो. क्रोमियम-3 बहुतांशी बाहेरच अडतं.

गंमत पुढे आहे. आत गेल्यावर क्रोमियम-6 टिकत नाही. पेशीतलं क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन त्याला खाली आणतात: 6 वरून 5, 4 आणि शेवटी 3. या उतरंडीत तयार होणारी अल्पायुषी रूपं आणि शेवटचं क्रोमियम-3 डीएनएला चिकटतात. म्हणजे खरा घातक जोड पेशीच्या आतच तयार होतो. बाहेर 'निरुपद्रवी' म्हटलेलं क्रोमियम-3 आत पोचलं की तेच अडचणीचं. क्रोमियम-6 हे त्याला आत नेणारं वाहन.

माणसातला सर्वांत पक्का पुरावा श्वासातून जाणाऱ्या क्रोमियम-6 चा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा आहे. हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर उभ्या कामगाराला धोका विहिरीच्या पाण्याने नाही, टाकीतून उडणाऱ्या धुक्याने होतो. नाकाच्या पडद्याला भोक पडणं ही त्या कामाची जुनी खूण. पाण्यातून पोटात जाणाऱ्या क्रोमियमबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने 2008 मध्ये मोठ्या (रॅट) आणि छोट्या (माऊस) उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. डायक्रोमेटचं पाणी दोन वर्षं दिल्यावर मोठ्या उंदरांच्या तोंडात आणि छोट्या उंदरांच्या लहान आतड्यात गाठी आढळल्या. ते डोस गावच्या विहिरीच्या शेकडो ते हजारो पट होते, हेही सांगायला हवं. जठरातला आम्ल रस बरंचसं क्रोमियम-6 तिथेच 3 करून टाकतो, पण त्याची ताकद अमर्याद नाही.

युनिटमध्ये काय चालतं

गाड्यांचे बोल्ट, ब्रॅकेट, क्लिपा. झिंकचा थर चढवल्यावर त्याला पांढरा गंज लागू नये म्हणून माल क्रोमियमच्या द्रावणात बुडवून वर संरक्षक पापुद्रा आणतात; याला पॅसिव्हेशन म्हणतात. पूर्वी ते पिवळं, क्रोमियम-6 चं असायचं. युरोपने 2006-07 च्या सुमारास गाड्या आणि इलेक्ट्रॉनिक्समधून क्रोमियम-6 हद्दपार केलं, तशी निर्यातीच्या साखळीतली युनिटं 'ब्लू' किंवा 'ट्रायव्हॅलंट' पॅसिव्हेशनकडे वळली. चांगला बदल होता, यात शंका नाही.

पण ट्रायव्हॅलंट बाथमध्ये (बुडवायच्या द्रावणात) नुसतं क्रोमियम-3 नसतं. धातू विरघळलेला राहावा आणि थर नीट बसावा म्हणून त्यात ऑक्झॅलिक किंवा मॅलॉनिकसारखी सेंद्रिय आम्लं किंवा फ्लोराइड घालतात, जोडीला बऱ्याचदा कोबाल्टचा क्षार. हे आम्ल क्रोमियमला मिठी मारून बसतं. साधं क्रोमियम-3 चुन्याने पीएच 8.5 पर्यंत नेलं की हिरवट गाळ होऊन खाली बसतं. मिठीतलं बसत नाही. टाकीत वरून स्वच्छ दिसणारं पाणी क्रोमियम घेऊनच बाहेर पडतं.

हिशेब करू. बाथमध्ये लिटरला 3 ग्रॅम क्रोमियम. दिवसाला 100 चौरस मीटर पृष्ठभागाचा माल, आणि प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 150 मिलिलिटर द्रावण अंगाला चिकटून धुण्याच्या टाकीत जातं. म्हणजे 15 लिटर, म्हणजे रोज 45 ग्रॅम क्रोमियम. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा (आयएस 10500:2012) एकूण क्रोमियमसाठी लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. 45 ग्रॅम क्रोमियम 9 लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 90 टँकर. रोज.

आणि महिन्याकाठी बाथमध्ये झिंक व लोह साचून ती 'मरते' तेव्हा 500 लिटर एकदम सांडायची वेळ येते. त्यात दीड किलो क्रोमियम. बहुतेक घोळ याच दिवशी होतो, कारण रोजच्या पाण्यासाठी बेतलेली टाकी हा लोंढा पेलू शकत नाही आणि तो शोषखड्ड्यात सोडून दिला जातो.

आता कायद्याची बाजू. जमिनीवरच्या प्रवाहात सोडण्याच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा क्रोमियम-6 ला 0.1 आणि एकूण क्रोमियमला 2.0 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. युनिटच्या पाण्यात एकूण 1.5 आणि क्रोमियम-6 शून्य निघालं, तर कागदावर पास. पण हेच दीड मिलिग्रॅम वाटेत कुठे 6 झालं, तर ते नाल्याच्या मर्यादेच्या 15 पट आणि पिण्याच्या मर्यादेच्या 30 पट होतं. नियमाने दोन रूपांना दोन आकडे दिले, पण रूप बदलण्याचा हिशेब धरला नाही.

रूप बदलतं त्या तीन जागा

पहिली जागा युनिटच्या आतच. बाजूला सायनाइडच्या द्रावणातून झिंक चढवायची लाइन आहे. सायनाइड मारण्यासाठी पीएच 10 च्या वर ठेवून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालतात. ऑपरेटर सायनाइडला घाबरतो, आणि घाबरायलाच हवं, म्हणून हायपो जरा सढळ हाताने पडतो. उरलेला हायपो घेऊन ते पाणी सामायिक टाकीत येतं, जिथे क्रोमियम-3 थांबलेलं असतं. अल्कधर्मी पाणी, मोकळा क्लोरिन आणि क्रोमियम-3: क्रोमेट तयार करायला आणखी काही लागत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने मिठी तोडायला गेलात तरी तेच. अल्कधर्मी पेरॉक्साइडने हिरवं क्रोमियम पिवळं करणं ही तर बीएस्सीच्या प्रयोगशाळेतली चाचणी आहे.

दुसरी जागा जमीन. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात वरचं पाणी मातीतून मुरत बसत नाही, भेगांतून सरळ मुरमात उतरतं. खाली बेसॉल्टच्या सांध्यांवर काळपट, काजळीसारखा पापुद्रा दिसतो, तो बहुधा मँगनीजचा ऑक्साइड. विहीर खणताना कामगारांच्या हाताला लागणारी ही काळी पूड क्रोमियम-3 ला 6 करू शकते. बार्टलेट आणि जेम्स यांनी 1979 मध्ये मातीत हे होतं हे दाखवून दिलं. उलट क्रोमियम-6 ला परत 3 करणारं सेंद्रिय द्रव्य आपल्या मातीत कमी. पीएच 8 च्या आसपास, आणि क्रोमेट ऋणभारित, त्यामुळे ऋणभारित चिकणमाती त्याला धरूनही ठेवत नाही. ते पाण्याबरोबर पाण्याच्याच वेगाने जातं.

तिसरी जागा विहीर, आणि इथे काम करणारा माणूस जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात क्लोरिन टाकणारा आणि ते तपासणारा.

दोन किलो टीसीएल

विहिरीचा व्यास 6 मीटर, पाणी 4 मीटर. पाणी सुमारे 1 लाख 13 हजार लिटर. ब्लीचिंग पावडरमध्ये 30 टक्के क्लोरिन धरलं आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर हे नेहमीचं माप घेतलं, तर लागते 283 ग्रॅम. क्लोरिनची मात्रा होते लिटरला 0.75 मिलिग्रॅम.

प्रत्यक्षात काय होतं? शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली की कुणीतरी म्हणतं, "दादा, पाण्याला वासच येईना, टाका अजून." मग दोन किलो पडते. मात्रा 5.3 मिलिग्रॅम, सातपट. पावडर अर्धी फसफसून वर, अर्धी चुन्यासारखी पांढरी होऊन थेट तळाच्या गाळात. त्या पांढऱ्या थराखाली पीएच चढा, क्लोरिन तीव्र, आणि गाळात वर्षानुवर्षं बसलेलं क्रोमियम-3. ही सामायिक टाकीचीच पुनरावृत्ती आहे.

एक मिलिग्रॅम क्रोमियम-3 ला 6 करायला सुमारे 2 मिलिग्रॅम क्लोरिन पुरतो. म्हणजे 5.3 ची मात्रा तत्त्वतः लिटरला अडीच मिलिग्रॅम क्रोमियम फिरवू शकते. तितकं होत नाही, कारण बराच क्लोरिन शेवाळ, लोह आणि सेंद्रिय घाणीत खर्च होतो, आणि थंड, जवळपास उदासीन पाण्यात ही क्रिया मिनिटांत नाही तर तासांत, दिवसांत होते. पण विहिरीतलं पाणी दिवसभर उभंच असतं.

इथे ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातला क्लोरिन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडीन चाचणीचा, एक फसवा धागा आहे. नळीत ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळं आलं की क्लोरिन आहे असं वाचलं जातं. क्रोमेटही ऑक्सिडकारक आहे आणि स्वतः पिवळंच. प्रमाण जास्त असेल, तर क्लोरिन नसतानाही नळी पिवळी होऊ शकते आणि जलसुरक्षक निर्धास्त होतो. नुसत्या डोळ्याला पिवळेपणा मात्र लिटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर दिसू लागतो, म्हणजे मर्यादेच्या वीसपट झाल्यावर. पाणी नितळ दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नये.

नमुना कसा घेतला तर काही कळेल

ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणी किटमध्ये क्रोमियम नसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वेगळी मागणी करावी लागते, आणि बाटली चुकली तर निकालही चुकतो.

एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. तीच बाटली क्रोमियम-6 साठी वापरायची नाही. आम्लात पाण्यातली सेंद्रिय घाण क्रोमियम-6 ला 3 करते आणि अहवालात 'आढळलं नाही' येतं. हा सर्वांत जास्त होणारा घोटाळा. क्रोमियम-6 ची बाटली वेगळी: 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळायची, अमोनियम सल्फेटचं बफर घालून पीएच 9.3 ते 9.7 ठेवायचा, बर्फात न्यायची. बफरमधला अमोनिया उरलेल्या मोकळ्या क्लोरिनला बांधतो, म्हणून बाटलीत रूपांतर पुढे चालू राहत नाही. बफर नसेल तर 24 तासांत तपासणी. प्रयोगशाळेत डायफेनिलकार्बाझाइड घातलं की क्रोमियम-6 ला जांभळट गुलाबी रंग येतो, तो 540 नॅनोमीटरवर मोजतात. लोह जास्त असेल तर रंगात पिवळी भेसळ होते, ती वजा करावी लागते.

या प्रकरणात धरलेले निकाल असे (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). टीसीएल टाकण्याआधी: न गाळलेल्या पाण्यात एकूण क्रोमियम 0.11, गाळलेल्यात 0.06, क्रोमियम-6 फक्त 0.02. दोन किलो टीसीएलनंतर 48 तासांनी: गाळलेल्यात एकूण 0.07, क्रोमियम-6 0.06. एकूण आकडा जवळपास जागेवर आणि 6 चा तिप्पट. विहिरीत नवं क्रोमियम आलं नाही. होतं त्याने रूप बदललं. फक्त एकूण क्रोमियम मागवलं असतं, तर ही गोष्ट हातून निसटली असती. पहिल्या दिवशीच्या 0.02 कडे बघून 'सहा नंबर मर्यादेत' म्हणणाऱ्यानेही तेवढीच चूक केली असती.

तरीही शंका राहते: वरून नाल्याचं पाणी नेमकं त्याच दोन दिवसांत आलं असेल तर? त्यासाठी विहिरीतलं पाणी आणि तळाचा चमचाभर गाळ दोन काचेच्या बरण्यांत घ्या. एकीत मोजून क्लोरिन, दुसरीत नाही. दोन्ही अंधारात ठेवा, आणि सुरुवातीला, 24 तासांनी व 72 तासांनी क्रोमियम-6 बघा. फक्त क्लोरिनच्या बरणीत वाढलं तर उत्तर मिळालं. दोन्हींत वाढलं तर मँगनीजकडे बघा. जोडीला युनिटच्या वरच्या अंगाचा एक बोअर आणि खालच्या अंगाचा एक तपासायचा. उगम युनिटच असेल तर वरच्या बोअरमध्ये काही नाही आणि खालच्यात आहे, असा फरक दिसतो.

मग टीसीएल बंद करायचं का?

नाही. या प्रकरणात सर्वांत घातक सल्ला हाच ठरेल. 0.06 मिलिग्रॅम क्रोमियम-6 चा धोका वर्षानुवर्षं पिण्याचा आहे. जंतूंचा धोका उद्या सकाळचा आहे. कावीळ आणि गॅस्ट्रो क्रोमियमची वाट बघत नाहीत. बदलायचा आहे तो पाण्याचा स्रोत आणि क्लोरिन टाकण्याची जागा.

पिण्यासाठी विहीर बाजूला ठेवायची आणि जायकवाडीच्या नळयोजनेचं किंवा टँकरचं पाणी टाकीत घेऊन तिथे क्लोरिन द्यायचं. विहीर वापरणं अटळच असेल, तर क्रम असा: आधी फेरस लोहाच्या क्षाराने क्रोमियम-6 ला 3 करायचं, हवा देऊन लोहाचा गाळ करायचा, वाळूच्या गाळणीतून नीट गाळायचं, आणि त्यानंतरच क्लोरिन. गाळण्याआधी क्लोरिन गेलं की सगळा खर्च पाण्यात. कागदावर एक भाग क्रोमियमला सव्वातीन भाग लोह पुरतं. प्रत्यक्षात हवेतला प्राणवायू बरंच लोह खातो, म्हणून वजनाने 25 पट किंवा अधिक लागतं. अनायन रेझिन (ऋणभारित आयन धरून ठेवणारे मणी) आणि आरओही चालतात, फक्त आरओचं टाकाऊ पाणी त्याच नाल्यात सोडू नये. उकळल्याने काही होत नाही. पाणी आटतं, क्रोमियम राहतं. तुरटीनेही विरघळलेलं क्रोमियम-6 बसत नाही.

तोपर्यंत वापरासाठी विहिरीत टीसीएल टाकायचीच असेल, तर मोजून 283 ग्रॅम, बादलीत आधी कालवून, अर्धा तास ठेवून, फक्त वरची निवळी विहिरीत. खालचा चुना टाकून द्यायचा. ही निवळीची सूचना जुनीच आहे, पाणी जड होऊ नये म्हणून दिलेली. इथे तिला दुसरं कारण मिळालं.

विहिरीचा गाळ काढताना एक सवय आड येते. धरणाचा गाळ शेतात टाकायचा हे आपल्याकडे सरकारी योजनेनेच रुजवलं आहे, आणि ते चांगलंच आहे. हा गाळ मात्र शेतात नाही, वीटभट्टीवर तर मुळीच नाही. चुना किंवा राखेसोबत हवेत तापलेल्या क्रोमियम-3 चं क्रोमेट होतं, म्हणून क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या कातरणाच्या राखेतही क्रोमियम-6 सापडतं. प्लास्टिकच्या अस्तराच्या ड्रममध्ये भरून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवायचा.

युनिटच्या टाकीतली दुरुस्ती

सायनाइडचं आणि क्रोमियमचं पाणी दोन वेगळ्या पाइपांतून, वेगळ्या टाक्यांत. याला पर्याय नाही. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले तर विषारी वायू, हायपो आणि क्रोमियम एकत्र आले तर क्रोमेट. सायनाइडच्या टाकीत शेवटी उरलेला हायपो मेटाबायसल्फाइटने मारून मगच पाणी पुढे.

पॅसिव्हेशनच्या पाण्याचं: मिठी तोडायला ऑक्सिडकारक वापरला असेल, तर नंतर पीएच 2 ते 2.5 वर आणून मेटाबायसल्फाइटने 'सहा' परत 'तीन' करायचं, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडकारक ताकद दाखवणारं माप) सुमारे 250 मिलिव्होल्टपर्यंत उतरेपर्यंत. मग चुना, पीएच 8.5. ऑक्झॅलेटची मिठी असेल तर चुन्यातलं कॅल्शियमच ती बऱ्याच अंशी सोडवतं, मॅलॉनेटला मात्र ते इतकं जमत नाही. मरणाऱ्या बाथमधलं दीड किलो क्रोमियम पूर्ण 6 झालं असं धरलं, तर कागदावर 4.1 किलो मेटाबायसल्फाइट लागतं. त्याऐवजी हिराकस (फेरस सल्फेट) वापरला तर 24 किलो, आणि कोरडा गाळ 3 किलोऐवजी 12 किलोंच्या घरात. हिराकस स्वस्त म्हणून घेणाऱ्यांनी गाळाच्या वाहतुकीचं बिलही मोजावं. मेटाबायसल्फाइट आम्लात टाकताना सल्फर डायऑक्साइड सुटतो. दारं उघडी, पंखा चालू.

सर्वांत स्वस्त उपाय टाकीवरच आहे. रॅक बाथमधून काढल्यावर 10-15 सेकंद लटकत ठेवला की चिकटून जाणारं द्रावण लक्षणीय घटतं. पहिली धुण्याची टाकी स्थिर ठेवून तिचं पाणी बाथमध्ये परत भरलं, तर रोजच्या 45 ग्रॅमपैकी मोठा वाटा घरातच राहतो. पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम करणाऱ्या माणसाला मात्र हे 10 सेकंद महागात पडतात, म्हणून नियम भिंतीवर लावून भागत नाही. रॅक उचलणाऱ्या हॉइस्टवर टायमर बसवावा लागतो.

औरंगाबादचा औद्योगिक पट्टा 2009 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात 77.44 गुणांनी अतिप्रदूषित यादीत होता. ते मोजमाप संपूर्ण पट्ट्याचं. एका विहिरीत काय फिरतं ते त्यातून दिसत नाही. त्यासाठी जलसुरक्षकाच्या वहीत तीन रकाने वाढवावे लागतात: किती ग्रॅम टीसीएल, निवळी टाकली की पावडर, आणि किती वाजता. नमुना नेणाऱ्याने बाटलीवर हीच वेळ लिहायची, आणि वर्षातला एक नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात, टीसीएल टाकण्याआधी एक बाटली आणि 48 तासांनी दुसरी, असा घ्यायचा.